जरीमरीची गच्ची आणि विमानांची वही

एकोणीस वर्षांची असताना मी एका सज्जन माणसाला शत्रूचा हेर ठरवलं होतं. तेही तोंडातून एक शब्द न काढता, नुसती मान खाली घालून. पुढं जे लिहिणार आहे ते मुंबईच्या प्रवासाचं आहे आणि विमानांचं आहे, पण तो प्रवास या मानेपासून सुरू होतो, म्हणून ती आधी कबूल करून टाकते. नाहीतर वाचणाराला वाटायचं, सत्तरी उलटलेली बाई गुडघ्याला पट्टे बांधून विमानं बघायला मुंबईला कशाला तडफडली; चिकलठाण्याला विमानं येत नाहीत का.

येतात की. आमच्या शहराच्या पाटीवर आता छत्रपती संभाजीनगर आहे, माझ्या जिभेवर अजून औरंगाबाद आहे, आणि विमानं दोन्ही नावांनी उतरतात. एकाहत्तर साली मात्र दिवसाला एखादं, लई झालं तर दोन यायची, तीही पंख्यांची, वेरूळ-अजिंठा बघायला निघालेली गोरी मंडळी घेऊन. माझं लग्न होऊन आठ महिने झाले होते. आमचं बिऱ्हाड चिकलठाण्यात. तेव्हा ते गावच होतं. हे शाळेत चित्रकलेचे मास्तर. अख्खा गाव यांना मास्तर म्हणायचा आणि मी काहीच म्हणायची नाही. ‘अहो’ म्हणायलासुद्धा मला तीन महिने लागले. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, असं आईनं निघताना कानात सांगितलं होतं. आईनं सांगितलेल्या बाकी साऱ्या गोष्टी मी पहिल्या आठवड्यात विसरले, ही तेवढी घट्ट धरून बसले.

यांचा जिवाभावाचा मित्र एकच, हमीद. तो विमानतळावर प्रवाशांचं सामान चढवायचा-उतरवायचा. संध्याकाळी दोघं सायकलीवर टांग टाकून निघायचे. मला वाटायचं, चहाला जातात. ते जायचे धावपट्टीच्या तारेच्या कुंपणापाशी. हमीद विमानाच्या शेपटीवरची अक्षरं सांगायचा, हे वेळ आणि अक्षरं वहीत लिहायचे आणि शेजारी विमान काढायचे. नुसता छंद. कुणी पाखरं बघतं, कुणी बैलं.

आता यात एक मेख होती. यांची शाळा निजामाच्या राज्यात सुरू झालेली, पहिली चार वर्षं उर्दूत. पोलीस ॲक्शन झाली, राज्य गेलं, शाळा मराठी झाली. पण घाईनं काही टिपायचं झालं की यांचा हात आपोआप उजवीकडून डावीकडं चालायचा. मी पोलीस ॲक्शननंतर चार वर्षांनी जन्मलेली. मला ती अक्षरं म्हणजे मुंग्यांची वरात. आणि नवरा उर्दू लिहितो हे मला आठ महिन्यांत कळलंच नव्हतं. कसं कळावं? त्यानं लिहिलेलं काही माझ्या हातात यायचं नाही, आणि मी विचारायची नाही.

डिसेंबरात लढाई लागली. खिडक्यांना खाकी कागद चिकटले. दवंडी पिटली, की विमानतळाची कुणी टेहळणी करताना दिसला तर चौकीत कळवा. हे मुलांच्या चित्रकलेच्या परीक्षेसाठी जालन्याला सहा दिवस गेलेले. मी रिकामपणी यांची पत्र्याची पेटी आवरायला घेतली, तर तळाला वही. पानोपान विमानं, आकडे, आणि मुंग्या.

त्या शहाण्या पोरीच्या अंगात त्या दुपारी जी देशभक्ती शिरली, ती तिच्या उंचीपेक्षा जास्त होती. तिनं डोक्यावर पदर घेतला, वही पिशवीत घातली, वर भाजी घातली आणि ती चौकीत गेली. तिथला जमादार तिच्या माहेरच्या गावचा, नात्यानं मामा लागायचा, वयानं पाचच वर्षं मोठा. त्यानं वही चाळली. वाचता त्यालाही येत नव्हतं.

“कुणाची गं ही?”

 वही यांच्या पेटीत निघाली म्हणजे यांची, एवढं मला कळत होतं. पण नाव कसं घ्यायचं? लग्नात उखाण्यात घेतलं होतं तेवढंच. जमादाराला काय उखाणा घालू?

“घरात घावली?”

मी मान हलवली.

“मास्तर कशाला असलं लिहील. तो हमाल हमीद येतो ना तुमच्याकडं? त्याचीच असणार. व्हय ना?”

मी मान खाली घातली ती वर केलीच नाही. आमच्याकडं वडीलधाऱ्यापुढं नव्या नवरीनं मान खाली घातली की त्याचा अर्थ हो असाच धरतात. इतकी वर्षं मी स्वतःला हेच सांगत आले, की तो संस्कार होता. तेही अर्धंच खरं. मान खाली असताना मला नीट कळलं होतं की नाव हमीदचं लागलं तर माझ्या घरातला माणूस सुटतो. आणि त्या दिवसांत असल्या वहीला हमीदचं नाव चिकटवायला फार डिंक लागत नव्हता. नाव जमादारानं घेतलं. मान माझी होती.

हमीदला त्याच संध्याकाळी नेलं. हे जालन्याहून आले, शहरात जाऊन वरच्या साहेबाला भेटले, वही माझी आहे म्हणून लिहून दिलं. तोवर अकरा दिवस झाले होते. हमीद सुटला, नोकरी सुटली, आणि यांची गाठ पडायच्या आत तो आईला घेऊन मुंबईला निघून गेला.

यांनी मला विचारलं, “वही चौकीत कशी गेली?”

मी म्हणाले, “झडती झाली.”

हे माझ्याकडं बघून हात धुवायला उठले. परत कधी त्यांनी विचारलं नाही, आणि परत कधी धावपट्टीकडं गेलेही नाहीत. पुढं आमचा पोरगा विमान बघायचं म्हणून हटून बसला तर म्हणाले, आईबरोबर जा. हे जाऊन आता नऊ वर्षं झाली. मी सांगितलं नाही ते नाहीच.

गेल्या दिवाळीनंतर औरंगपुऱ्यात मिक्सर दुरुस्तीला टाकायला गेले. दुकानदार माझ्याकडं बघत राहिला. म्हणाला, “तुम्ही मास्तरांच्या घरच्या ना? मी हमीदमामूंचा भाचा.” मी धीर करून विचारलं, मामू आहेत का. “हैं ना. मुंबई में, जरीमरी में. दिनभर छत पे बैठते, जहाज देखते.”

मिक्सर तिथंच राहिला. अजून तिथंच आहे.

टेकडी

माझी नात सई वाळूजच्या एका कारखान्यात इंजिनिअर आहे आणि सुट्टीत विमानं बघत हिंडते. हे वेड तिच्यात कुठून आलं ते तिला माहीत नव्हतं; मला होतं. मी तिला म्हणाले, “सये, मला मोठी विमानं दाखव. मुंबईची.” तिनं माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

गाडीतल्या सात तासांचं वर्णन करत नाही. बसले, पाय सुजले, उतरले. सईच्या मैत्रिणीकडं उतरलो, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी सई मला घाटकोपरच्या अलीकडं एका टेकडीवर घेऊन गेली. वरपर्यंत घरं चिकटलेली, निळी, पिवळी, गुलाबी. शेवटच्या पायऱ्या संपल्या की पाण्याच्या टाकीजवळ एक मोकळा तुकडा, आणि तिथं सात-आठ पोरंपोरी दुधी भोपळ्याएवढे कॅमेरे गळ्यात घालून उभी. यांना स्पॉटर म्हणतात. सगळ्यांचं तोंड पूर्वेला. आपल्याकडं पंगतीत वाढपी यायच्या आधी माणसं जशी स्वयंपाकघराकडं बघतात, अगदी तशी.

मग ते आलं. आधी लांब आभाळात एक दिवा. त्याच्या मागं दुसरा, त्याच्या मागं तिसरा, एका दोरीत ओवल्यासारखे. आमच्याकडं विमान येतं तेव्हा एकटं येतं आणि गाव मान वर करतं. इथं एकाची चाकं टेकायच्या आत दुसरं दारात उभं, आणि खालच्या गल्लीत एक बाई डोळा न उचलता मेथी निवडत होती. पहिलं डोक्यावरून गेलं तेव्हा माझा पदर उडाला, चष्मा हलला आणि मी खाली बसले. पोरं हसली नाहीत. एकीनं पाण्याची बाटली दिली. पोटाखालची चाकं दिसतात. चाकांच्या वरची माती दिसते. पंखाच्या खालची अक्षरं तर इतकी मोठी की चष्म्यावाचून वाचता येतात, आणि ती अक्षरं मी मोठ्यानं वाचायला लागले तशी एक पोरगी मोबाईलमध्ये टिपायला लागली. तासाभरानं मी थांबले. यांच्या शेजारी उभं राहून अक्षरं सांगायचं काम मला कुणी दिलं असतं तर मी ते केलं असतं, असं वाटलं. पण त्यासाठी आधी संध्याकाळी कुठं जाता हे विचारावं लागलं असतं.

बाटली देणारी ती पोरगी आपल्या नवऱ्याला हाक मारत होती, “ए मंद्या, तो मालवाहू सुटला ना तुझ्यामुळं.” मी बघतच राहिले. मंद्याच्या आयुष्याला काहीही झालेलं नव्हतं. तो ठणठणीत होता आणि वडापाव खात होता.

मी धपाटे आणि ठेचा काढला. मंडळी तुटून पडली. ठेच्यानं एकाच्या डोळ्यांत इतकं पाणी आलं की त्याचं एक मोठं विमान हुकलं, त्याबद्दल मी माफी मागितली. तेवढ्यात पायऱ्यांवरून पोलीस शिपाई वर आली. बाईच होती, तिशीची, धापा टाकत.

“काय चाललंय? काय लिहिताय?”

पोरांना याची सवय असावी. त्यांनी ओळखपत्रं दाखवली, फोटो दाखवले. माझ्या हातातला धपाटा मात्र थरथरायला लागला.

“आजी, तुम्हीपण यांच्यातल्या?”

“व्हय,” मी म्हणाले.

“नाव काय?”

मी माझं नाव सांगितलं.

“पूर्ण सांगा.”

पूर्ण नावात मधे नवरा येतो. कागदावर मी ते हजार वेळा लिहिलंय, बँकेत, रेशनच्या दुकानात. पण लग्नातला उखाणा सोडला तर तोंडानं कधी नाही, विधवा झाल्यावरसुद्धा नाही. आता त्यांचं आयुष्य कमी व्हायचं काय उरलं होतं? तरी जीभ उचलेना. शेवटी सईनं सांगितलं. शिपाईबाईनं ते लिहिलंही नाही. “उन्हात बसू नका,” म्हणाली आणि एक धपाटा घेऊन उतरली.

परतताना सई म्हणाली, “आजी, तुझे हात कापत होते.”

“ठेचा तिखट झालाय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मैत्रीण कामावर गेली, आम्ही दोघी खालच्या टपरीवरून मागवलेला चहा घेत बसलो आणि मी सईला सगळं सांगितलं, वर लिहिलंय तसंच. हा चहाही सांगण्यासारखा. मुंबईत अर्धा कप देतात आणि त्याला कटिंग म्हणतात. आमच्याकडं पाहुण्याला अर्धा कप दिला तर सोयरीक मोडते. माझं सांगून होईपर्यंत तिचा तो अर्धाही गार झाला.

“आजोबांना कळलं होतं?”

“माहीत नाय.”

“तू विचारलं नाहीस? इतक्या वर्षांत?”

“विचारायचं म्हणजे आधी सांगायला लागलं असतं.”

तिनं गार चहा मोरीत ओतला. मला वाटलं, रागावली. रागावलीही असेल.

“म्हणजे आपण आज विमानं बघायला नाही चाललो.”

“विमानंपण बघू,” मी म्हणाले.

जरीमरी

कुर्ल्याकडून विमानतळाच्या भिंतीकडं जसजसं जावं तसतशी घरं बुटकी होतात असं मला वाटलं, पण ती बुटकी नसतात, विमानं खाली आलेली असतात. जरीमरीच्या गल्लीत दोन माणसं शेजारून गेली तर एकमेकांना सलाम केल्यासारखं होतं. वर आभाळाची एक फीत, आणि दर दोन मिनिटांनी ती फीत पुरती झाकली जाते. तेवढा वेळ बोलणं थांबतं. कसाई सुरा धरून थांबतो, शिंपी मशीनवर पाय ठेवून थांबतो. विमान गेलं की वाक्य जिथं तुटलं तिथून पुढं. हा इथला रिवाज. आमच्याकडं बोलणं तोडलं तर माणूस रुसतो.

चार जिने चढले, पाचवी लोखंडी शिडी. हमीदची सून शबाना मला मागून ढकलत होती, सई वरून ओढत होती. माझ्या काखेत शहागंजमधून आणलेल्या नानांचं पुडकं. त्याला मी कुणाला हात लावू दिला नाही. मागून शबाना सांगत होती, “संभालके चाची, अब्बा खुद अस्सी के हैं, रोज चढते.”

गच्चीवर पाण्याच्या टाक्या, वाळत घातलेले कपडे, आणि टाकीच्या सावलीत खुर्चीवर एक म्हातारा. पांढरी दाढी, गुडघ्यावर टॉवेल. मी ओळखलं नसतं. त्यानं ओळखलं. मी शिडीवरून डोकं वर काढलं तसं त्यानं डोळे बारीक केले.

“मास्तर की घरवाली?”

मी मान हलवली. मान हलवायला मी पहिल्यापासून हुशार.

“आओ भाभी, आओ.” तो उठला. कमरेत वाकला होता, तरी मला खुर्ची दिली आणि स्वतः पिंपावर बसला. “मास्तर आया नै?”

भाच्याला माहीत नव्हतं, म्हणून यालाही माहीत नव्हतं.

“नऊ वर्षं झाली, हमीदभाई,” मी म्हणाले.

त्यानं कानाला हात लावला. पन्नास वर्षं विमानांखाली राहून कान गेले होते. शबानानं वाकून त्याच्या कानात सांगितलं.  पूर्वेकडं तोंड करून बसला. एक विमान गेलं. दुसरं गेलं. तिसरं दिसायला लागलं तेव्हा म्हणाला, “बीमार था?”

“झोपेत गेले.”

“अच्छा है,” तो म्हणाला, आणि टॉवेलनं तोंड पुसलं.

नान बघून मात्र चेहरा उजळला. पुडकं नाकाशी धरून त्यानं वास घेतला. “शहागंज का. भाभी, इधर के नान कू तो नान बोलना गुनाह है.” शबानाला म्हणाला, याच्यासंगं मटणाचा खलिया टाक. ती म्हणाली, अब्बा, डॉक्टर. तो म्हणाला, डॉक्टरला नान देऊ नकोस मग.

असा तासभर गेला. मी एकेका विमानाआड लपत होते. हे गेलं की सांगू. हे मोठं जाऊ दे, मग सांगू. सई माझ्याकडं बघत होती.

शेवटी म्हणाले, “हमीदभाई, ती वही मी नेली होती चौकीत.”

विमान आलं. त्यानं कानाला हात लावला.

“वही,” मी आवाज चढवला. “चिकलठाण्याची वही. ती मी दिली जमादाराला.”

“वही,” त्यानं मान हलवली. वहीचं नाव येताच चेहरा बंद झाला. “छोडो भाभी. मास्तर ने दी, मालूम है मेरेकू. पुरानी बात है.”

“यांनी नाही दिली.”

“क्या?”

“यांनी नाही.”

“यांनी कौन?”

आणि मग मला ते करावं लागलं. मी खुर्चीवरून उठले, त्याच्या कानाशी गेले, तर वर पंख आला आणि मला पंखाच्या वर आवाज काढावा लागला. “यशवंतनं नाही दिली. यशवंत जालन्याला होता. मी दिली. तुमचं नाव मी लागू दिलं.”

विमान निघून गेलं होतं. शेवटचं वाक्य मी शांत गच्चीवर ओरडले. शेजारच्या गच्चीवर दोन बाया चादर पिळत होत्या, त्या पिळतापिळता थांबल्या. शबाना शिडीपाशी ताट घेऊन उभी. जे त्या सकाळपर्यंत त्रेपन्न-चौपन्न वर्षं उशीत तोंड खुपसूनसुद्धा पुटपुटले नव्हते, ते अर्ध्या जरीमरीनं ऐकलं.

हमीदनं माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली नाही. घालावीशी लई वाटली.

“मास्तरकू मालूम था?”

“माहीत नाय. मी झडती झाली म्हणून सांगितलं. यांनी पुन्हा विचारलं नाही.”

“वो नै पूछता,” तो म्हणाला. “किसीकू शरमिंदा नै करता था.”

मग त्यानं थांबत थांबत सांगितलं. कधी विमानासाठी थांबत होता, कधी नुसताच. शहरात नेल्यावर वही त्याच्यापुढं टाकली. त्यानं मास्तरांचं अक्षर ओळखलं. “मैं बोला, मेरी है.” मास्तरांना पेन्शनची नोकरी, नवं लग्न, आपलं काय, सामान कुठंही उचलता येतं. एवढं ठरवायला त्याला वेळ लागला नाही. पण वही मास्तरांच्या पेटीत असायची, तिथून ती दुसरं कोण काढणार? दोस्तानं वही दिली आणि नावही दिलं, हे त्यानं अकरा दिवस भिंतीकडं बघत पक्कं केलं, आणि मुंबईला आला. इथं आल्यावर राहायला जागा दोन मिळत होत्या. त्यानं ही घेतली, कारण इथून जहाज दिसायचं.

“लिहून घेत होता का?” सईनं विचारलं.

“नै बेटा,” तो म्हणाला. “लिखना मास्तर का काम था.”

माझ्या चुकीची लांबी-रुंदी मला माहीत आहे असं मी समजत होते. एक माणूस अकरा दिवस आत गेला, त्याची नोकरी गेली, यांचा छंद गेला. एवढं मी रात्रंदिवस घोकलं होतं. पण ज्याच्यासाठी हा माणूस आत बसला त्याच्यावरच तो आयुष्यभर खार खाऊन राहिला, आणि हे तिकडं भिंतीला नवीन कॅलेंडर लावत म्हातारे झाले, हे मला त्या पिंपापाशी कळलं. एक पोस्टकार्ड पुरलं असतं. पत्ता भाच्याकडं होता. भाचा औरंगपुऱ्यात होता. औरंगपुऱ्यात मी दर आठवड्याला बांगड्या, फॉल, पापडखार घ्यायला जात होते.

खलिया आलं. मी जेवले. वाटलं नव्हतं घास उतरेल, पण उतरला; पोट कुणाच्या बाजूचं नसतं. हमीदनं नान तोडून माझ्या ताटात ठेवला, यजमानानं ठेवावा तसा. जेवताजेवता तो एकदम उठला आणि पूर्वेला बोट केलं. “भाभी, देखो, डबल मंजिलवाला.” चार इंजिनांचं, दोन मजल्यांचं धूड, घाटकोपरच्या घरांवर पोट टेकवत आल्यासारखं. सई हात धुवायचे सोडून कॅमेऱ्याकडं धावली. ते वरून गेलं तेव्हा टाकीतलं पाणी थरथरलं, सगळी गच्ची थंडगार सावलीखाली गेली आणि परत उन्हात आली. हमीदच्या तोंडावर जे हसू होतं ते मी ओळखलं. तसलंच हसू घेऊन हे संध्याकाळी सायकल भिंतीला टेकवायचे, आणि मी आतून विचारायची, चहात एवढं काय असतं.

शबानानं सईला घरातली माणसं दाखवली, नातवंडांचे फोटो दाखवले. हमीद सईला शिकवत होता, आवाजावरून नाही तर जमिनीतून विमान कसं ओळखायचं. कान गेल्यावर तो तळपायांनी ऐकायला लागला होता. मी ऐकत बसले. वहीचा विषय त्यानं पुन्हा काढला नाही. मला वाटलं, संपलं. मोकळी झाले असंही क्षणभर वाटलं, तेही लिहून ठेवते, कारण त्या एकोणीस वर्षांच्या शहाणीला म्हातारी होऊनही अक्कल आली नव्हती.

ऊन कलल्यावर निघालो. सई आधी उतरली, तिनं खालून शिडी धरली. हमीद गच्चीच्या काठापर्यंत आला. मी दोन पायऱ्या उतरले तेव्हा माझं डोकं त्याच्या पायांच्या पातळीला होतं, आणि वर बघितलं तर त्याच्या मागं आभाळ रिकामं होतं. एवढ्या वेळात पहिल्यांदा. तो वाकला आणि हळू बोलला. बहिरी माणसं सहसा हळू बोलत नाहीत.

“भाभी, तुमकू तो मैं उधरीच माफ कर दिया. पन मास्तर दो बार आया था इधर. दोनों बार नीचे नल के पास खडा रहा, दोपहर से शाम तक, ऊपर देखता हुआ. मैं घर में बोला, बोल दो नै है, और यहीच बैठके जहाज गिनता रहा. अब मेरेकू कौन माफ करेंगा?”